तीन मतांचा मतदारसंघ : सेंट्रल फिन्सबरी, 1885 ते 1918

दादाभाई नौरोजी ब्रिटिश पार्लमेंटवर निवडून गेले, हे आपल्याला शाळेपासून पाठ असते. कुठून निवडून गेले, असे विचारले की मात्र बहुतेकांना आठवावे लागते. त्या मतदारसंघाचे नाव सेंट्रल फिन्सबरी. तो 1885 साली जन्माला आला आणि 1918 साली नकाशावरून पुसला गेला. त्याच्या जेमतेम तेहतीस वर्षांतली तीन वर्षे आपल्या इतिहासात आली आणि बाकीची तीस विस्मरणात गेली.

मला ती तीन वर्षे उरलेल्या तीस वर्षांच्या संगतीत ठेवून पाहायची आहेत. ‘तीन मतांनी जिंकले’ हे वाक्य आपण नशिबाची गोष्ट सांगितल्यासारखे म्हणतो. पण या मतदारसंघाचा आधीचा आणि नंतरचा हिशेब मांडला, की ती तीन मते कुठून आली आणि पुढच्याच निवडणुकीत 805 मतांचा पराभव का झाला, हे बरेचसे उलगडते. ज्यांची नावे सार्वजनिक इतिहासात नोंदलेली आहेत तीच इथे दिली आहेत. प्रचारातल्या साध्या कार्यकर्त्यांची आणि कारकुनांची नावे घेतलेली नाहीत.

पार्श्वभूमी

फिन्सबरी हा लंडन शहराच्या जुन्या गाभ्याला उत्तरेकडून खेटून असलेला भाग. 1832 च्या सुधारणा कायद्याने त्याला स्वतंत्र मतदारसंघ केले आणि दोन जागा दिल्या. तेव्हापासून या भागाचा स्वभाव बंडखोर. 1842 साली चार्टिस्ट कामगारांनी मताधिकार मागणारा जो प्रचंड अर्ज पार्लमेंटपुढे आणला, तेहतीस लाखांहून जास्त सह्यांचा, तो सभागृहात मांडणारे थॉमस डन्कम हे फिन्सबरीचेच खासदार. ‘लॅन्सेट’ हे वैद्यकीय नियतकालिक काढणारे थॉमस वॅकली हे त्यांचे जोडीदार.

1885 साली जागांची फेरवाटणी झाली आणि जुन्या फिन्सबरीचे तीन तुकडे झाले : हॉबर्न, ईस्ट आणि सेंट्रल. प्रत्येकी एक जागा. सेंट्रलचा मुख्य ऐवज म्हणजे क्लार्कनवेल. घड्याळे बनवणाऱ्यांची ही पेठ होती. एकाच माणसाने अख्खे घड्याळ घडवावे असा तो धंदा नव्हता. कोणी फक्त तबकडी रंगवायचा, कोणी काटे घासायचा, कोणी केवळ स्प्रिंग बसवायचा. आणि एकेका घरातल्या एकेका खोलीत, उजेड भरपूर यावा म्हणून वरच्या मजल्यावरच्या मोठ्या खिडकीखाली, हे कारागीर डोळ्याला भिंग लावून बसलेले असायचे. शेजारी सोनार, छापखान्यातले जुळारी, पुस्तकबांधणीवाले, आणि एका कोपऱ्यात इटलीहून आलेल्यांची वस्ती. क्लार्कनवेल ग्रीन या चौकात सभा आणि मोर्चे नित्याचे.

ही माणसे बहुतेक भाड्याच्या खोल्यांत राहणारी. पुढच्या सगळ्या गोष्टीत हे लक्षात ठेवावे लागेल, कारण 1867 आणि 1884 च्या सुधारणांनंतरही मत माणसाला मिळत नव्हते, ते घराला चिकटलेले होते. स्त्रियांना मताधिकार नव्हताच. पुरुषाने एका जागी बारा महिने सलग वास्तव्य केल्याचे दाखवावे लागे. पोटभाडेकरू असेल तर वर्षाला दहा पौंडांच्या किमतीची खोली हवी, आणि त्याने दर वर्षी नव्याने दावा करायचा. हा दावा तपासण्यासाठी शरद ऋतूत एक वकील-अधिकारी बसे. त्याच्यासमोर दोन्ही पक्षांचे प्रतिनिधी हातात कागद घेऊन उभे असत. आपल्या माणसाचे नाव घालायचे आणि समोरच्याचे कापायचे, यासाठी नावागणिक वाद होई. एवढे करून तयार झालेली यादी जानेवारीपासून वर्षभर लागू. म्हणजे जुलैमध्ये निवडणूक झाली, तर ती वर्षभर जुन्या वास्तव्यावर बेतलेल्या यादीवर होणार. दरम्यान खोली बदललेला कारागीर एक तर सापडायचा नाही, किंवा त्याला शोधून परत आणावे लागायचे. उलट ज्याचे या भागात दुकान किंवा जागा आहे आणि जो राहतो दुसरीकडेच, त्याला दोन्ही ठिकाणी मत.

1885 च्या पहिल्या निवडणुकीत लिबरल पक्षाचे हॉवर्ड स्पेन्स्ली निवडून आले. वर्षभरातच लिबरल पंतप्रधान ग्लॅडस्टन यांचे आयर्लंडला स्वराज्य देणारे विधेयक पडले, लिबरल पक्ष फुटला, आणि जुलै 1886 मध्ये पुन्हा मतदान झाले. या वेळी हुजूर पक्षाचे कॅप्टन फ्रेडरिक थॉमस पेंटन जिंकले. मताधिक्य होते 5.

पाच मते! दादाभाईंचे नावही या मतदारसंघात कोणी घेतलेले नव्हते, तेव्हाची ही गोष्ट. तीन मतांच्या कथेचा पाया इथे आहे. ही जागा जन्मापासूनच काठावरची होती. शिवाय पेंटन हे उपरे उमेदवार नव्हते. क्लार्कनवेलचाच एक भाग असलेले पेंटनविल त्यांच्या घराण्याच्या नावाने ओळखले जाते. अठराव्या शतकात त्या घराण्याने आपल्या जमिनीवर ते वसवले होते.

अडचण

त्याच जुलै 1886 मध्ये शेजारच्या हॉबर्नमध्ये एक साठीचे गृहस्थ लिबरल पक्षातर्फे उभे होते. एल्फिन्स्टन कॉलेजात गणित शिकवलेले, बडोद्याची दिवाणगिरी केलेले, हिंदुस्थानातून संपत्ती कशी बाहेर वाहून जाते याचा आकडेवार हिशेब वर्षानुवर्षे मांडणारे दादाभाई नौरोजी. हॉबर्न ही हुजूर पक्षाची भक्कम जागा. प्रचाराला मिळाले काही आठवडे. निकाल : फ्रान्सिस डंकन 3,651, नौरोजी 1,950. फरक 1,701.

दादाभाईंचे ध्येय एकच होते. हिंदुस्थानच्या कारभाराची किल्ली लंडनच्या कॉमन्स सभेत आहे, तर हिंदी माणसाने तिथे आत बसून बोलले पाहिजे. त्याआधी बंगालचे लालमोहन घोष यांनी डेप्टफर्डमधून 1885 आणि 1886 असा दोनदा प्रयत्न केला होता आणि दोन्ही वेळा ते हरले होते. प्रश्न नुसता रंगाचा नव्हता, पण रंगाचाही होता. खासदाराला पगार नसे, तो 1911 साली सुरू झाला. निवडणूक अधिकाऱ्याचा खर्चसुद्धा उमेदवारांच्या माथी असे. आणि मुख्य अडचण अशी, की ज्या मतदाराला दिल्ली आणि मद्रास कुठे आहे याच्याशी देणेघेणे नाही, त्याच्या मतावर हिंदुस्थानचे गाऱ्हाणे मांडायला जायचे होते.

समोरचे पर्याय

हॉबर्ननंतर दादाभाईंपुढे चार वाटा होत्या, असे मला दिसते.

पहिली, परत येऊन इथेच काम करायची. ते डिसेंबर 1886 मध्ये कलकत्त्याच्या काँग्रेसचे अध्यक्ष झालेच होते. दुसरी, पुन्हा हॉबर्न. पण 1,701 चा खड्डा भरणे अवघड होते. तिसरी वाट आयर्लंडची. आयरिश नेते मायकेल डेव्हिट यांच्या मनात हिंदी माणसाला एखाद्या आयरिश मतदारसंघातून सभागृहात पाठवावे अशी कल्पना होती. ती सुरक्षित जागा ठरली असती, पण त्यातून हिंदुस्थानचा प्रश्न आयर्लंडच्या प्रश्नाला बांधला गेला असता. ती कल्पना पुढे सरकली नाही. चौथी वाट म्हणजे लंडनमध्येच, कामगार वस्तीतली, थोडक्यात गमावलेली जागा शोधायची.

सेंट्रल फिन्सबरी या चौथ्या वर्णनाला चपखल बसत होते. 5 मतांनी गेलेली जागा म्हणजे जवळजवळ हातातलीच. पण अशी जागा एकाच्याच डोळ्यात भरत नाही, आणि पुढची चार वर्षे त्यातच गेली.

निर्णयाची पहिली जागा : उमेदवारी

ऑगस्ट 1888 मध्ये स्थानिक लिबरल संघटनेच्या मंडळाने उमेदवार ठरवण्यासाठी मतदान घेतले. दादाभाईंच्या विरुद्ध होते रिचर्ड ईव्ह. नौरोजी 49, ईव्ह 46. इथेही तीनच मतांचा फरक. ईव्ह यांच्या बाजूने तो निकाल मानला नाही. मतदान नीट झाले नाही, अशी तक्रार सुरू झाली आणि संघटनेत उभी फूट पडली.

नोव्हेंबर 1888 मध्ये एक अनपेक्षित घटना घडली. हॉबर्नचे डंकन वारले, तिथे पोटनिवडणूक झाली, आणि हुजूर पक्षाचे मताधिक्य कमी झाले. त्याचे स्पष्टीकरण देताना पंतप्रधान लॉर्ड सॉल्सबरी 30 नोव्हेंबरला एडिंबरोच्या सभेत म्हणाले, की 1886 चे मोठे मताधिक्य धरून चालणार नाही, कारण तेव्हा समोर एक ‘काळा माणूस’ उभा होता, आणि ब्रिटिश मतदार अशा माणसाला निवडून देण्याइतके पुढे गेले आहेत असे आपल्याला वाटत नाही. या उद्गारावर देशभर गदारोळ झाला. लिबरल नेत्यांनी सॉल्सबरींचा धिक्कार केला, आणि जानेवारी 1889 मध्ये नॅशनल लिबरल क्लबने दादाभाईंच्या सन्मानार्थ मेजवानी दिली. ज्यांना फिन्सबरी लंडनच्या नकाशावर दाखवता आले नसते, त्यांच्याही तोंडी नौरोजी हे नाव आले.

आपल्याकडे हा प्रसंग सांगून लगेच ‘आणि मग ते निवडून आले’ असे म्हणण्याची पद्धत पडली आहे. मधली साडेतीन वर्षे गाळली जातात, आणि खरी झुंज त्या वर्षांतली आहे. मेजवानीत टाळ्या वाजवणाऱ्या पक्षाने मतदारसंघातले भांडण काही मिटवले नाही. ईव्ह पुढे बाजूला झाले, तर त्यांच्या गटाने 1891 मध्ये फ्रेडरिक फोर्ड यांना पुढे केले. एकाच पक्षाचे दोन उमेदवार आणि समोर 5 मतांनी जिंकलेले पेंटन. दोघेही उभे राहिले तर निकाल काय लागणार, हे क्लार्कनवेलच्या कोणत्याही पोराने सांगितले असते.

दादाभाईंना इथे तीन गोष्टी करता आल्या असत्या : माघार घ्यायची, प्रकरण मध्यस्थांवर सोपवून त्यांचा शब्द मानायचा, किंवा ‘माझी निवड रीतसर झाली आहे’ हा मुद्दा धरून ठाण मांडायचे. त्यांनी ठाण मांडले. हा निर्णय हट्टाचा वाटतो, पण मला तो पटतो. त्यांनी माघार घेतली असती, तर ‘हिंदी उमेदवार चालत नाही’ हे सॉल्सबरींचे म्हणणे त्यांच्याच पक्षाने खरे करून दाखवल्यासारखे झाले असते. मात्र या निर्णयात जोखीम पूर्ण होती, कारण शेवट त्यांच्या हातात नव्हता. फोर्ड हटले नसते तर सगळेच गेले असते. फोर्ड निवडणुकीच्या तोंडावर हटले. दोन गटांत विभागलेली संघटना अगदी शेवटच्या टप्प्यात एका उमेदवारामागे उभी राहिली.

निर्णयाची दुसरी जागा : कशावर मते मागायची

दादाभाई पार्लमेंटमध्ये जाणार होते हिंदुस्थानसाठी. पण मते मागताना त्यांनी क्लार्कनवेलचे प्रश्न पुढे ठेवले : कामगारांना आठ तासांचा दिवस, लंडनच्या स्थानिक कारभारात सुधारणा, आयर्लंडला स्वराज्य, स्त्रियांना मताधिकार. कामगार क्लबांमधून ते बोलत राहिले. मतदारांना त्यांनी फसवले नाही. हिंदुस्थानविषयी बोलण्यासाठीच आपल्याला जायचे आहे, हे त्यांनी लपवलेले नव्हते. स्त्रियांच्या हक्कांचे त्यांचे काम मुंबईपासूनचे होते. मुलींच्या शाळा काढण्यात 1849 पासून त्यांचा हात होता. त्यामुळे ही भूमिका निवडणुकीपुरती उसनी घेतलेली नव्हती. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी त्यांच्या उमेदवारीला उघड पाठिंबा दिला. तेव्हा लंडनमध्ये शिकायला असलेले तरुण महंमद अली जिना त्यांच्या प्रचारात होते, असे सांगितले जाते.

मोजणी

जुलै 1892. गुप्त मतदान सुरू होऊन वीस वर्षे झाली होती. 1885 च्या कायद्याने मतदान सकाळी आठ ते रात्री आठ. दिवसभर भिंगावर डोळा लावून बसणाऱ्या माणसाला काम आटोपून संध्याकाळी मत देता यायचे, म्हणजे शेवटचे दोन-तीन तास इथे खरे मोलाचे.

मतपत्रिका साधीच : दोन नावे, प्रत्येकापुढे चौकट, त्यात फुली मारायची. पाठीमागे अनुक्रमांक छापलेला, तोच क्रमांक पुस्तकात राहणाऱ्या स्थळप्रतीवर, आणि त्या स्थळप्रतीवर कारकून मतदाराचा यादीतला क्रमांक लिहून ठेवणार. मत गुप्त, पण न्यायालयाने आदेश दिला तर माग काढता येईल अशी ही व्यवस्था. चौकटीबाहेर काही खरडले किंवा नाव लिहिले, की पत्रिका बाद होण्याची भीती. सहा हजारांच्या आसपास कागद असले आणि दोन्ही गठ्ठे सारख्याच उंचीचे दिसत असले, की एकेका संशयास्पद फुलीवर किती जीव टांगलेला असतो, हे ज्याने ग्रामपंचायतीची मोजणी टेबलाशेजारी उभे राहून पाहिली आहे त्याला सांगावे लागणार नाही.

निकाल जाहीर झाला : नौरोजी 2,959, पेंटन 2,956. फरक तीन. पुढे फेरमोजणीत दादाभाईंची मते 2,961 झाली आणि फरक पाचवर गेला. म्हणून काही ठिकाणी तीन वाचायला मिळते आणि काही ठिकाणी पाच. दोन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर आहेत. ‘नौरोजी’ उच्चारताना अडखळणाऱ्या इंग्रजांनी त्यांना ‘नॅरो-मेजॉरिटी’, म्हणजे काठावरचे बहुमतवाले, असे टोपणनाव दिले.

निर्णयाची तिसरी जागा : याचिका

पेंटन यांनी निवडणूक याचिका दाखल केली. अशा याचिकेसाठी एक हजार पौंडांची हमी द्यावी लागे, त्यामुळे ती कोणी सहज करत नसे. पण तीन-पाच मतांचा फरक असेल तर ती करणे स्वाभाविकच. अमुक मतदार यादीत असायलाच नको होता, अमुक मत दुबार आहे, अशी दोन-चार नावे सिद्ध झाली की निकाल फिरायचा. इथे स्थळप्रतीवरचे ते क्रमांक उपयोगी पडतात.

याचिकेने निकाल बदलला नाही. पण नव्या खासदाराचा पहिला काळ वकील, यादी आणि खर्च यांच्या चिंतेत गेला. उमेदवारीच्या भांडणात साडेतीन वर्षे, त्यावर हा भार. 9 ऑगस्ट 1892 रोजी दादाभाई कॉमन्समध्ये पहिल्यांदा बोलायला उभे राहिले तेव्हा ते सहासष्ट वर्षांचे होते. शपथ त्यांनी खोर्देह अवेस्ता या पारशी प्रार्थनाग्रंथावर हात ठेवून घेतली होती.

तीन वर्षांत काय केले

जून 1893 मध्ये सनदी सेवेच्या परीक्षा हिंदुस्थानातही, लंडनबरोबर एकाच वेळी घ्याव्यात, असा ठराव कॉमन्समध्ये 84 विरुद्ध 76 मतांनी मंजूर झाला. तो हर्बर्ट पॉल यांनी मांडला होता, त्यामागची खटपट दादाभाईंची. सरकारने तो अमलात आणला नाही. हिंदुस्थानात ती परीक्षा सुरू व्हायला 1922 उजाडले. विल्यम वेडरबर्न त्याच वर्षी बॅन्फशरमधून निवडून आले आणि दोघांनी मिळून हिंदुस्थानच्या प्रश्नांवर खासदारांची समिती उभी केली. पुढे 1895 मध्ये हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करणारा वेल्बी आयोग नेमला गेला आणि दादाभाई त्याचे सदस्य झाले. याच आयोगापुढे 1897 साली पुण्याहून गेलेल्या तिशीच्या गोपाळ कृष्ण गोखल्यांनी साक्ष दिली आणि त्यांचे नाव झाले.

1893 च्या अखेरीस लाहोर काँग्रेसचे अध्यक्षपद आले. दादाभाई मुंबईत उतरले तेव्हा त्यांच्या स्वागताला लोटलेली गर्दी आजही वर्णनांतून अंगावर येते. एका पराभूत, करदात्या देशाचा माणूस राज्यकर्त्यांच्या सभागृहात बसून आला होता. लोकांनी रस्ते भरून टाकावेत, यात नवल नाही.

1895 : आकडे नीट वाचू

जुलै 1895 मध्ये पुन्हा निवडणूक झाली. हुजूर पक्षाचे विल्यम मॅसी-मेनवारिंग यांना 3,588 मते पडली, दादाभाईंना 2,783. फरक 805.

या 805 चा अर्थ ‘लोकांनी त्यांना टाकले’ असा लावला जातो. तो अर्धाच खरा आहे. 1892 मध्ये एकूण 5,917 मते पडली होती, 1895 मध्ये 6,371. म्हणजे 454 जास्त. दादाभाईंची मते घटली ती 178. हुजूर पक्षाची वाढली 632. आपली काही माणसे मतदानालाच आली नसतील आणि नवी आलेली बहुतेक तिकडे गेली असतील, असेही याचे चित्र असू शकते. आकडे माणसांची नावे सांगत नाहीत, त्यामुळे यापलीकडे ठामपणे बोलता येत नाही. पण एवढे नक्की, की गेलेल्या मतांपेक्षा समोर नव्याने उभी राहिलेली मते जास्त होती, आणि ज्या मतदारसंघात दर वर्षी यादी नव्याने लढवावी लागते तिथे हा फरक यादीच्या कामातूनही पडतो.

देशभरचा वारा तर विरुद्धच होता. लिबरल 177 जागांवर घसरले, सॉल्सबरींच्या आघाडीला 411 मिळाल्या. दारूबंदीचा अधिकार स्थानिक लोकांना देण्याच्या लिबरल धोरणामुळे पब चालवणारे सगळे विरोधात गेलेले. अशा लाटेत पाच मतांची जागा टिकत नसते. याच निवडणुकीत मंचरजी भावनगरी हुजूर पक्षातर्फे बेथनल ग्रीन नॉर्थ-ईस्टमधून जिंकले, आणि तेही मुंबईचे पारशी. म्हणून केवळ रंगामुळे दादाभाई पडले, असे म्हणणे 1895 पुरते टिकत नाही.

नंतरचा मतदारसंघ

मॅसी-मेनवारिंग 1900 मध्ये पुन्हा आले. त्यांच्या एका कामाची आठवण ठेवली पाहिजे : वस्तुसंग्रहालये रविवारी उघडी ठेवावीत, असा ठराव त्यांनी 1896 साली कॉमन्समध्ये मांडला आणि तो मंजूर झाला. आठवड्यात एकच सुट्टी मिळणाऱ्या क्लार्कनवेलच्या कारागिराला त्याचे मोल होते.

1906 च्या लिबरल लाटेत ही जागा विल्यम चार्ल्स स्टेडमन यांच्याकडे आली. मूळचे नावा बांधणारे कामगार, पुढे कामगार संघटनांच्या महासंघाचे चिटणीस. ज्या वस्तीने चार्टिस्टांचा अर्ज पोहोचवला, तिचा प्रतिनिधी आता खरोखर कामगार होता. जानेवारी 1910 मध्ये तेही हरले आणि मेजर मार्टिन आर्चर-शी आले. आर्चर-शी यांचा सावत्र भाऊ जॉर्ज हा नौदलाच्या शाळेतला मुलगा. पाच शिलिंगांची पोस्टल ऑर्डर चोरल्याच्या आरोपावरून त्याला काढून टाकले होते. नामांकित वकील एडवर्ड कार्सन यांनी त्याची बाजू लढवली, आणि जुलै 1910 मध्ये मुलगा निर्दोष असल्याचे सरकारला मान्य करावे लागले. भरपाईचा प्रश्न मोठा भाऊ सभागृहात लावून धरत होता.

1885 पासून मोजले तर लिबरल, हुजूर, लिबरल, हुजूर, लिबरल-मजूर, हुजूर असा हा लंबक. सहा खासदारांपैकी पेंटन यांच्या वाट्याला सहा वर्षे, दादाभाईंच्या वाट्याला तीन. 1918 च्या कायद्याने एकवीस वर्षांवरच्या सगळ्या पुरुषांना आणि तीस वर्षांवरच्या पात्र स्त्रियांना मत मिळाले, सीमा बदलल्या, आणि सेंट्रल फिन्सबरी नव्या फिन्सबरीत विरले. दादाभाई 30 जून 1917 रोजी गेले होते. आज रोझबरी अव्हेन्यूवरच्या फिन्सबरी टाउन हॉलवर त्यांच्या नावाची पाटी आहे, आणि जवळच एक छोटा रस्ता नौरोजी स्ट्रीट म्हणून आहे.

वेगळे काय करता आले असते

लाहोरला जाणे टाळता आले असते का? मला वाटते, नाही. ज्या लोकांसाठी निवडून गेले त्यांना तोंड दाखवायला ते आलेच पाहिजेत. पण पाच मतांच्या जागेवरचा खासदार महिनोन्‌महिने समुद्रापार असेल, तर मागे यादी सांभाळणारी भक्कम यंत्रणा हवी. चार वर्षे दोन गटांत भांडलेल्या संघटनेकडून ती अपेक्षा करणे कठीण होते. 1892 च्या विजयानंतर, याचिकेचे ओझे उतरताच, ईव्ह आणि फोर्ड यांच्या माणसांना सोबत घेऊन पुढच्या शरदातल्या नोंदणीला भिडणे, हे सगळ्यात निकडीचे काम होते, असे मला हे प्रकरण वाचताना राहून राहून वाटते. पोटभाडेकरूचे एकेक नाव दर वर्षी नव्याने घालायचे म्हणजे जिने चढायचे, दारे ठोठवायची, सह्या घ्यायच्या.

दुसरा प्रश्न पक्षाच्या नेत्यांना विचारायला हवा. 1889 च्या जानेवारीत ते मेजवानी देऊ शकले, मग त्याच महिन्यात उमेदवारीचा वाद निकाली का काढू शकले नाहीत? ऑगस्ट 1888 चा निकाल योग्य की अयोग्य, एवढेच ठरवायचे होते. ते लांबले आणि दादाभाईंची मतदारसंघ बांधण्याची वर्षे स्वतःच्या पक्षाशी लढण्यात खर्ची पडली.

आणि तिसरी जागा फिन्सबरीच्या बाहेरची. 1906 साली, ऐंशीव्या वर्षी, दादाभाई नॉर्थ लॅम्बेथमधून पुन्हा उभे राहिले. पुन्हा तोच पेच : लिबरल पक्षाचे अधिकृत उमेदवार होरेशिओ मायर, आणि दादाभाई अपक्ष लिबरल म्हणून. लिबरल पक्षासाठी त्या पिढीतली सगळ्यात अनुकूल निवडणूक होती ती. पण या वेळी शेवटच्या क्षणी बाजूला होणारे कोणी फोर्ड नव्हते. मायर निवडून आले. दादाभाई तिसरे आले. मते पडली 733.